ट्रेनिंग छान झालं, पण काउंटरवर काय बदललं?

समजा, दादरच्या एका सहकारी बँकेच्या संचालक मंडळाने ठराव केला की काउंटरवरच्या सगळ्या स्टाफला ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच माणसाला ‘अटक’ करून पैसे उकळण्याच्या फसवणुकीबद्दल, ट्रेनिंग द्यायचं. कारण उघड आहे. सत्तरीतले काका शाखेत येतात, एका दमात तीन एफडी मोडतात, कधी नाव न ऐकलेल्या खात्यावर आरटीजीएस करायला सांगतात, आणि दोन दिवसांनी त्यांचा मुलगा धावत येतो. तोवर पैसे चार-पाच खाती फिरून गायब झालेले असतात.

ठराव झाला की पुढची चाकं आपोआप फिरायला लागतात. एचआर तारीख काढतं, अर्थात बँकेच्या सुट्टीचा दुसरा किंवा चौथा शनिवार. बाहेरचा ट्रेनर ठरतो, ऐंशी स्लाइड्सची पीपीटी येते, हजेरीपत्रकावर सह्या होतात, दुपारी जेवण, शेवटी फीडबॅक फॉर्म. पाचपैकी सरासरी साडेचार. अहवालात लिहिलं जातं की कार्यक्रम यशस्वी झाला.

आता सोमवारी सकाळी त्याच शाखेत तसेच एक काका आले, तर काय होईल? या प्रश्नाचं उत्तर त्या अहवालात कुठेच नसतं. ते असावं असं वाटत असेल तर कार्यक्रम आखायची सुरुवात सोमवारच्या काउंटरपासून करावी लागते, शनिवारच्या हॉलपासून नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा तपशील. उदाहरण मी बँकेचंच धरून ठेवते, पण नर्सेस, बसचालक, सीएच्या ऑफिसातले शिकाऊ आर्टिकल्स, कुणाच्याही प्रशिक्षणाला हे लागू पडतं.

आधी त्या साडेचार गुणांचं बघू. लग्नाच्या पंगतीतून उठताना यजमानाने ‘जेवण कसं होतं?’ विचारलं तर आपण ‘उत्तम’ म्हणतो. फीडबॅक फॉर्मचंही तसंच आहे. ट्रेनर समोर उभा असतो, फॉर्मवर आपलं नाव असतं, आणि कल्याण फास्ट पकडायची असते. बरं, लोकांनी अगदी मनापासून गुण दिले तरी अडचण सुटत नाही. १९९७ मध्ये अलायजर आणि सहकाऱ्यांनी तोपर्यंत झालेले बरेच अभ्यास एकत्र तपासले. ट्रेनिंग आवडणं आणि त्यातून शिकणं यांचा संबंध अगदी क्षीण निघाला. ‘हे मला कामात उपयोगी पडेल का?’ या प्रश्नाची उत्तरं त्यातल्या त्यात बरी होती, म्हणून फॉर्म ठेवायचाच असेल तर तो प्रश्न ठेवावा आणि ‘ट्रेनरचं व्यक्तिमत्त्व’ वगैरे रकाने काढून टाकावेत.

कधीकधी तर आवडणं आणि शिकणं उलट दिशेने जातात. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने चांगल्या प्राध्यापकाचं रेखीव लेक्चर ऐकलं, दुसऱ्याने तोच भाग गटात बसून डोकं खाजवत सोडवला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण आपण कमी शिकलो असं वाटत होतं तेही याच गटाला. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं काहीतरी चुकतंय.

चार पायऱ्या, वरून खाली

या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असलेली मांडणी डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाची. १९५९ मध्ये सुरू झालेल्या लेखमालेत त्याने मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना कसं वाटलं, ही पहिली. काय शिकले, ही दुसरी. कामावर परतल्यावर वागणं बदललं का, ही तिसरी. आणि त्या वागण्यामुळे संस्थेला किंवा ग्राहकाला काय फरक पडला, ही चौथी. पुढे जॅक फिलिप्स यांनी पाचवी जोडली: घातलेल्या पैशाच्या मानाने किती परत आलं.

या मांडणीवर टीका भरपूर झाली आहे. खालची पायरी चढली की वरची आपोआप चढली जाते असं समजू नये, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. तरी कर्कपॅट्रिक टिकला, कारण तो सोपा आहे. गोची अशी की बहुतेक संस्था मोजायला पहिल्या पायरीपासून लागतात आणि तिथेच बसतात, कारण ती सर्वांत स्वस्त.

आखणी करताना चौथीपासून खाली उतरायचं. आपल्या बँकेत चौथी पायरी म्हणजे ज्येष्ठ ग्राहकांचे पैसे वाचणं. त्यासाठी तिसरीवर काय घडायला हवं? संशयास्पद व्यवहार क्लार्कने ओळखून, ग्राहकाला न दुखावता थांबवायला हवा. त्यासाठी दुसरीवर त्याला काय यायला हवं? खुणा ओळखता येणं आणि त्या क्षणी बोलता येणं. इथे पोचल्यावर लक्षात येतं की ऐंशीपैकी साठ स्लाइड्सचा (सायबर गुन्ह्यांचा इतिहास, कायद्याची कलमं, जगभरातले आकडे) या कामाशी संबंधच नाही.

मुळात ट्रेनिंग हाच उपाय आहे का?

हा प्रश्न आधी विचारायला हवा आणि तो जवळजवळ कधीच विचारला जात नाही. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये त्यासाठी एक उग्र कसोटी सुचवली होती: जीव पणाला लागला तर हा माणूस ते काम करू शकेल का? करू शकत असेल तर त्याला ज्ञानाची कमतरता नाही. तो करत नाही याचं कारण दुसरीकडे शोधा.

ही कसोटी काउंटरवर लावू. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही हे क्लार्कला माहीत आहे का? आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ते सांगितलं, पेपरात येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक फॉरवर्ड येतो. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आहे, हेही भिंतीवर लावलेलं असतं. मग तो काकांना थांबवत का नाही?

शाखेत तासभर उभं राहिलं की कळतं. टोकन नंबर पुढे सरकत नाही म्हणून रांगेतून आवाज येतोय. काका म्हणतात, ‘माझे पैसे आहेत, तुला काय करायचंय?’ मागच्या महिन्यात एका क्लार्कने असंच विचारलं तेव्हा तक्रार वर गेली आणि मॅनेजरसाहेबांनी त्यालाच सुनावलं, ‘कस्टमरला कशाला दुखावतोस?’ शंका आली तरी ग्राहकाला कुणाकडे न्यायचं ते ठरलेलं नाही. या परिस्थितीत गप्प बसून व्यवहार करणारा क्लार्क अडाणी नाही, तो व्यवहारी आहे.

म्हणजे उत्तराचा अर्धा भाग ट्रेनिंगच्या बाहेर आहे. ज्येष्ठ ग्राहक मुदतीआधी एफडी मोडून नव्या खात्यावर मोठी रक्कम पाठवत असेल तर कागद अधिकाऱ्याकडे जाईल असा नियम, बसून बोलायला एक केबिन, आणि शंका घेतली म्हणून क्लार्कवर ठपका येणार नाही असं लेखी परिपत्रक. ही कामं ट्रेनरची नाहीत. पण ऑर्डर घेताना त्याने हे मुद्दे काढले नाहीत तर तो बँकेचे पैसे आणि स्टाफचा शनिवार दोन्ही वाया घालवतो. चांगला ट्रेनर कधीकधी ‘तुम्हाला माझी गरज नाही’ असंही सांगतो. असे ट्रेनर फार नाहीत, कारण बिल दिवसाचं लागतं.

काय शिकवायचं ते कुणाला विचारायचं?

उरलेला अर्धा भाग मात्र खरोखरच कौशल्याचा आहे. ते कौशल्य सहसा बाहेरच्या तज्ज्ञाकडे नसतं, एखाद्या शाखेत वीस वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या बाईंकडे असतं. त्यांना विचारलं, ‘तुम्हाला कसं कळतं?’, तर त्या म्हणणार, ‘अहो, चेहऱ्यावरून कळतं.’ हे शिकवता येत नाही. अनुभवी माणसाचं काम हातात इतकं बसलेलं असतं की आपण काय करतो ते त्यालाच सांगता येत नाही. म्हणून विचारायचं वेगळ्या पद्धतीने: शेवटचा असा प्रसंग आठवा. काका आत आले तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं? मग तुम्ही काय म्हणालात? ते काय म्हणाले? त्यावर तुम्ही काय केलंत?

अशा तासाभराच्या गप्पांतून सोनं निघतं. खिशातला फोन चालू आहे आणि उत्तर देण्याआधी माणूस तिकडे बघतो. व्याजाचं नुकसान होईल म्हटलं तर क्षणात ‘चालेल’ म्हणतो, एरवी पाव टक्क्यासाठी वाद घालणारा. पैसे ज्याला जाणार त्याचं नाव कागदात बघून वाचतो. बसायला सांगितलं तर बसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘पैसे कशाला हवेत?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण पलीकडच्या भामट्याने ‘घर घेतोय’ हे उत्तर आधीच पढवून ठेवलेलं असतं. फोनवर कुणीतरी ऐकत असेल तर तोंडाने विचारण्यात अर्थ नाही. काचेखालून चिठ्ठी सरकवावी लागते. हा झाला अभ्यासक्रम. तो दोन पानांत बसतो.

मग उद्दिष्ट लिहायचं. ‘सायबर फसवणुकीबाबत जागरूकता निर्माण करणे’ हे उद्दिष्ट गाठलं गेलं की नाही, ते कधीच ठरवता येत नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांना आवडतं. मेगरनेच १९६२ मध्ये सांगितलं होतं की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: माणूस काय करेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगलं. आपल्याकडे ते असं होईल: काउंटरवर रांग असताना ज्येष्ठ ग्राहकाने एफडी मोडून नव्या खात्यावर पैसे पाठवायला सांगितले, तर ठरलेल्या सहा खुणांपैकी दोन दिसताच क्लार्क, आवाज न चढवता आणि व्यवहार पूर्ण न करता, ग्राहकाला अधिकाऱ्याच्या केबिनपर्यंत नेईल. वाक्य लांबलचक आहे, पण या वाक्यातूनच सराव निघतो, परीक्षा निघते आणि तीन महिन्यांनंतरचं मूल्यमापनही निघतं.

सराव कसा घ्यायचा, याला फार गूढ उत्तर नाही. डॉक्टरांच्या सीएमई, म्हणजे नोकरी-प्रॅक्टिस करताना चालू राहणाऱ्या शिक्षणाच्या, कार्यक्रमांवरचे प्रयोग डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांची रोजची पद्धत बदलल्याचं दिसलं नाही. करून बघण्याचा, चर्चेचा भाग असलेल्या सत्रांनी बदलू शकते असं दिसलं. तेव्हा बँकेतही एकाने काका व्हायचं, एकाने क्लार्क, तिसऱ्याने बघायचं. पीपीटी इंग्रजीत असली तरी सराव काउंटरच्या भाषेत हवा: मराठीत, हिंदीत, बोरिवलीच्या शाखेसाठी गुजरातीतही. आणि काही खेपांना काका खरोखरच डोंबिवलीत मुलासाठी फ्लॅट घेणारे असले पाहिजेत. नाहीतर स्टाफ प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे संशयाने बघायला शिकतो, आणि ते नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

जाता जाता एक. ‘माणूस वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के’ असा त्रिकोण अनेक ट्रेनर दाखवतात. त्या आकड्यांना संशोधनाचा आधार नाही. ज्या एडगर डेलच्या नावावर ते खपवतात, त्याच्या १९४६ च्या आकृतीत टक्केवारी नव्हतीच. पाच-दहाच्या पाढ्यात बसणारे इतके गुळगुळीत आकडे दिसले की सावध व्हावं.

विसरण्याबद्दल मात्र खरं संशोधन जुनं आणि पक्कं आहे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने उतरतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं की पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे जातात. शनिवारचे सहा तास एकगठ्ठा देण्यापेक्षा दीड तासाचं सत्र आणि नंतर दर सोमवारी शाखा उघडण्याआधी दहा मिनिटांचा एक प्रसंग, हे स्वस्तही आहे आणि टिकतंही. बदलापूरहून येणारे लोक तुम्हाला दुवा देतील ते वेगळंच.

परीक्षा, तास आणि सर्टिफिकेट

वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलरने १९९० मध्ये एक उतरंड मांडली: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोज कामात करतो. बहुपर्यायी प्रश्नपत्रिका पहिल्या दोन मजल्यांपर्यंतच पोचते. तिसऱ्यासाठी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डनने १९७५ मध्ये एक परीक्षा मांडली होती, ज्यात विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक काम करून दाखवतो, आणि परीक्षक सगळ्यांना एकाच चेकलिस्टवर तपासतो. एमबीबीएसची मुलं तिला ‘ऑस्की’ म्हणतात. बँकेला एवढा थाट नको. तीन टेबलं, तीन काका, पाच-पाच मिनिटं पुरतात.

व्यावसायिकांच्या जगात मात्र मोजमाप बरंचसं तासांत आणि मुदतीत चालतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी टिकवायला डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २००६ मध्ये उभ्या केलेल्या एनआयएसएम या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांसाठीची परीक्षा पास झालं की सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण. बँकवाल्यांना कुर्ल्याची आयआयबीएफ ठाऊक असते. १९२८ पासूनच्या या संस्थेच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी परीक्षांवर अनेकांची बढती अवलंबून असते. या व्यवस्थांना नावं ठेवणं सोपं आहे. लाखो लोकांवर नजर ठेवायची तर नियामकाला मोजता येईल असं काहीतरी लागतंच. पण तास हा किमान अटीचा पुरावा आहे. काम सुधारल्याचा नव्हे. आपल्या संस्थेने नियामकाची अट पूर्ण केली म्हणून मूल्यमापन झालं असं मानू नये.

आकडे कसे फसवतात

सहा महिने गेले. फसवणूक कमी झाली का? इथे चौथी पायरी दगा देते. एका शाखेत असे प्रसंग वर्षाकाठी एखाददुसरे. दोनावरून एकावर आलं म्हणजे ट्रेनिंगचा गुण, की नशीब? इतक्या कमी संख्येवरून काहीच सांगता येत नाही. अशा वेळी हट्टाने चौथी पायरी मोजण्यापेक्षा तिच्या सर्वांत जवळची तिसरी नीट मोजावी. निवृत्त कर्मचाऱ्यांपैकी एकाला, ज्याला शाखेत कुणी ओळखत नाही, ठरलेल्या गोष्टीसह ग्राहक म्हणून पाठवायचं. मुख्यालयात दोघांना माहीत, बाकी कुणाला नाही. त्यासाठी एक खरं खातं, एक खरी एफडी, आणि व्यवहार पूर्ण व्हायच्या आत थांबवायची सोय, एवढी तयारी लागते. क्लार्कने खुणा टिपल्या का, कसं बोलला, कुठे नेलं, हे चेकलिस्टवर नोंदवायचं. नाव लिहायचं नाही, शाखा लिहायची. नाव लिहिलंत तर पुढच्या वेळी सगळी शाखा तुमच्या माणसाची वाट बघत बसेल आणि खऱ्या काकांकडे दुर्लक्ष होईल.

दुसरा फसवा आकडा म्हणजे नोंदी. ट्रेनिंगनंतर संशयास्पद व्यवहारांच्या नोंदी वाढतात. मंडळातला एखादा संचालक घाबरून विचारतो, ‘प्रकार वाढले की काय?’ प्रकार तेवढेच असतील. आधी ते नजरेतून सुटत होते. हॉस्पिटलमध्ये औषधं देताना झालेल्या चुकांच्या नोंदीही अशाच, प्रशिक्षणानंतर काही काळ वाढतात. हे आधीच लिहून ठेवलं नाही तर चांगलं चाललेलं काम कुणीतरी बंद पाडतं.

तिसरा सगळ्यात चलाख. समजा चोवीस शाखांपैकी ज्यांची कामगिरी गेल्या तिमाहीत सर्वांत वाईट होती, अशा सहा शाखांना आधी ट्रेनिंग दिलं. पुढच्या तिमाहीत त्या सुधारल्या. टाळ्या. पण अगदी तळाला गेलेली शाखा पुढच्या खेपेला थोडी वर येण्याची शक्यता तशीही जास्तच असते, कारण त्या तळाला जाण्यात थोडा दुर्दैवाचाही भाग होता. हे टाळायचं तर चिठ्ठ्या टाकून बारा शाखांना आत्ता आणि बारांना तीन महिन्यांनी ट्रेनिंग द्यावं. मधल्या काळात दोन्ही गटांकडे आपले काका पाठवावेत. मार्चअखेरची गडबड, दिवाळीचा बोनस, पेपरात गाजलेलं एखादं प्रकरण, सगळ्याचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होतो, म्हणून उरलेला फरक बऱ्यापैकी ट्रेनिंगचा. शेवटी सगळ्यांनाच ट्रेनिंग मिळतं, त्यामुळे कुणी वंचित राहत नाही. एवीतेवी चोवीस शाखांना एका दिवशी बोलावता येतच नाही; बॅचेस पाडाव्याच लागतात. त्या चिठ्ठ्यांनी पाडल्या की झालं.

पैशाच्या हिशेबाबद्दल थोडक्यात. वाचलेल्या प्रत्येक एफडीची रक्कम ट्रेनिंगच्या खात्यावर जमा करून ‘हजार टक्के परतावा’ दाखवणारे अहवाल येतात. त्यात नियमाचा वाटा किती, परिपत्रकाचा किती, त्या अनुभवी बाईंचा किती, हे कुणी वेगळं काढलेलं नसतं. खर्चाची बाजू मात्र प्रामाणिकपणे लिहावी, म्हणजे हॉल आणि ट्रेनरच्या बिलासोबत स्टाफच्या तासांचा पगारही.

सरासरीपेक्षा मला टोकं जास्त उपयोगी वाटतात. रॉबर्ट ब्रिंकरहॉफची पद्धत हेच सांगते: जिथे शिकलेलं उत्तम वापरलं गेलं आणि जिथे अजिबात नाही, अशा दोन्ही टोकांना जाऊन कारण विचारा. शिकलेलं कामावर उतरतं की नाही हे शिकणारा, शिकवण्याची आखणी आणि कामाची जागा या तिन्हींवर ठरतं, असं बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं. टोकांच्या शाखांत ती तिसरी गोष्ट डोळ्यांनी दिसते. एका शाखेत चारही वेळा आपल्या काकांना थांबवलं गेलं, कारण तिथला अधिकारी स्वतः उठून काउंटरवर येतो. दुसरीकडे एकदाही नाही. तिथल्या क्लार्कने खुणा बरोबर ओळखल्या होत्या, पण मॅनेजर कर्जवसुलीसाठी बाहेर होते आणि केबिनला कुलूप होतं. त्या शाखेला पुन्हा शनिवारी बोलावण्यात अर्थ नाही. मॅनेजर नसताना निर्णय कुणी घ्यायचा, ते एका ओळीच्या परिपत्रकात लिहून द्यायचं, आणि सहा आठवड्यांनी तिथे आणखी एक अनोळखी काका पाठवायचे.